पंधरा हजारांची पुस्तकं

गणपती उठले की आमच्या सोसायटीत दोन गोष्टी हमखास होतात. मांडवाचे बांबू आठवडाभर पार्किंगमध्ये पडून राहतात आणि हिशेबाची सभा होते. गेल्या गणपतीनंतरच्या सभेत मात्र एक अघटित घडलं. वर्गणीतून पैसे उरले. पंधरा हजार दोनशे रुपये. खजिनदारांनी आकडा दोनदा वाचून दाखवला, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसला नाही.

मग त्या पैशांचं काय करायचं यावर तासभर काथ्याकूट झाला. मागच्या फाटकाला कॅमेरा बसवावा असा एक जोरदार पक्ष होता. पुढच्या वर्षासाठी पैसे शिल्लक ठेवावेत असं म्हणणारा दुसरा पक्ष दरवर्षी असतोच. तेवढ्यात तळमजल्यावरच्या एक ताई, ज्या घरी ब्लाउज शिवून देतात आणि सभेत एरवी तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘‘पोरांना वाचायला काहीतरी आणा की. दिवसभर मोबाइल घेऊन बसतात.’’ सभा एकदम शांत झाली. मोबाइलचा विषय निघाला की प्रत्येक आईबापाला थोडं अपराधी वाटतं. त्या शांततेत ठराव मंजूर झाला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ‘‘साहेब, तुम्ही लेखक. तुम्हीच आणा.’’

लेखकाला असं काम मिळालं तर त्यानं खूश व्हायला हवं. मला धडकीच भरली. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी राहतो दिघीत. हे गाव १९९७ साली आजूबाजूच्या गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका अंगाला लष्कराची हद्द आणि दत्तगडाची टेकडी, दुसऱ्या अंगाला भोसरीची एमआयडीसी आणि नाकासमोर गेलं की आळंदी. माउलींची पालखी दरवर्षी आमच्या दारावरून पुण्याला जाते. मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्यांच्या समाधीच्या रस्त्यावर आम्ही राहतो, पण माझ्या रोजच्या फिरण्याच्या टप्प्यात पुस्तकाचं दुकान म्हणाल तर शाळेच्या वह्या आणि गाइडं विकणारं. इमारतीत माणसं सगळीकडची. लष्करातून निवृत्त झालेले, टेल्कोतून निवृत्त झालेले, आणि लातूर, बीड, जळगाव, कोल्हापूर अशा चारी दिशांनी आलेली तरुण पोरं. ही पोरं एकेका फ्लॅटमध्ये चार-पाच जण राहतात आणि चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर जातात. पहाटे रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात.

त्यातलाच एक मुलगा सहा-सात वर्षांपूर्वी मला लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, ‘‘काका, तुम्ही पुस्तकं लिहिता ना? मला वाचायला द्या एखादं.’’ मी घरी गेलो आणि माझीच कादंबरी घेऊन आलो. वर सही करून दिली. साडेचारशे पानं, आणि त्यात एका मध्यमवयीन अधिकाऱ्याच्या मनातली उलघाल. मुलगा बारा तासांची पाळी करून येणारा. दोन महिन्यांनी पुस्तक परत आलं, वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेलं. खुणेसाठी घातलेलं बसचं तिकीट अकराव्या पानावर तसंच होतं. त्यानंतर लिफ्टमध्ये मी दिसलो की तो खिशातून मोबाइल काढून त्यात बघत राहायचा. हप्ता थकलेला माणूस शाखाधिकारी समोरून आला की रस्ता ओलांडतो, अगदी तसा. काही दिवसांनी तो खोली सोडून गेला. त्यानं आपण होऊन पुस्तक मागितलं होतं आणि मी त्याला आरसा दिला, तोही स्वतःचा.

बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं तर हे कळायला हवं होतं. कर्ज देताना तारण बघायचं असतंच, पण त्याआधी माणूस बघायचा असतो. याची गरज काय, हा दिवसाचे किती तास काम करतो, घरी किती तोंडं आहेत. चांगली योजना चुकीच्या माणसाच्या गळ्यात मारली की योजनाही बुडते आणि माणूसही. पुस्तकाच्या बाबतीत मी फक्त तारण बघत आलो होतो. कुठला पुरस्कार मिळाला, समीक्षक काय म्हणाले. मागणारा कोण आहे हे बघितलंच नाही.

म्हणून या खेपेला मी तीन महिने लावले. सोसायटीत कोण काय करतं, कोणाकडे किती वेळ असतो, हे वहीत टिपलं. (आमच्या हिच्या मते ही हेरगिरी होती.) मग डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरला, तिथे दोन दिवस पाय दुखेपर्यंत फिरलो. हा महोत्सव २०२३ पासून भरतो आहे. २०१६ च्या जानेवारीत आपल्या पिंपरीच्या एच.ए. मैदानावर एकोणनव्वदावं साहित्य संमेलन झालं होतं, त्यानंतर पुस्तकांसाठी अशी गर्दी मी एवढ्या जवळून बघितली नव्हती. सवलत मागून, घासाघीस करून एक्केचाळीस पुस्तकं आणली. त्यातल्या काहींविषयी सांगतो. नवी म्हणजे साधारण गेल्या दहा वर्षांतली. आमच्या कपाटाला ती नवीच, कारण तिथे आधी होत्या जुन्या डायऱ्या, दोन शब्दकोश आणि बांधून ठेवलेले दिवाळी अंक.

पहिलं पुस्तक मी दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांसाठी घेतलं. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. हिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेलेलं आहे, माणसं उठून दुसरीकडे वसवलेली आहेत, आणि मागे राहिलेल्या म्हशी रानात रानटी झाल्या आहेत. त्यांना धरून आणायला माणूस त्या बुडालेल्या मुलखात परत जातो, एवढीच गोष्ट. पानांनी लहान, पण वाचताना दम लागतो. माणूस आणि जनावर एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा कोण कोणाला ओळखेनासं झालंय, हे कळत नाही.

माझा म्हशींशी संबंध आला तो कागदावर. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशींसाठी कर्जं दिली जायची. मी तेव्हा नवा अधिकारी होतो. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असायचा. म्हैस मेली की तो बिल्ला शाखेत हजर करावा लागे, त्याशिवाय विम्याचा दावा पुढे सरकत नसे. माझ्या टेबलावर असे बिल्ले पडलेले असत. ज्या बाईनं तो कापडात बांधून आणलेला असे ती काय गमावून आली आहे, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. नोंद झाली की मी पुढचा कागद ओढायचो. ‘रिंगाण’ वाचताना चाळीस वर्षांनी ते टेबल आठवलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसलो.

हे गृहस्थ पवनेच्या काठचे. पिंपरी-चिंचवडच्या नळाला पवनेचं पाणी येतं हे आपल्याला माहीत असतं, पण धरणाखाली गेलेल्या जमिनींचं फारसं कोणी बोलत नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. तेव्हा आपण इकडे बातम्या बघत होतो. त्या बातम्यांनंतरही नळाचं पाणी रोजच्या वेळेला येत होतं. तर या गृहस्थांनी आयुष्यात पेपराखेरीज काही वाचलेलं नव्हतं. त्यांनी ‘रिंगाण’ चार दिवसांत परत आणलं. काही बोलतील म्हणून मी चहा टाकायला सांगितला. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हशी अशाच करतात.’’ आणि कप खाली ठेवताना म्हणाले, ‘‘आमची आई धरणाकडे पाठ करून बसायची. कायम.’’ तीन वर्षं आम्ही एकाच जिन्यानं ये-जा करतोय. हे मला ठाऊक नव्हतं.

ज्या ताईंमुळे हे पैसे पुस्तकांकडे आले त्यांच्यासाठी काय घ्यायचं हे मात्र मला आधीच ठाऊक होतं. देविदास सौदागर यांची ‘उसवण’. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत गावातल्या शिंप्याचं दुकान कसं हळूहळू रिकामं होत जातं, त्याची ही गोष्ट. छोटी कादंबरी, आठवड्यात होते. ताईंनी ती मशीनवर ठेवून तुकड्यातुकड्यानं वाचली. मला वाटलं, गोष्टीबद्दल काही सांगतील. त्या म्हणाल्या, ‘‘लिहिणाऱ्याला मशीन येतं हो. नुसतं बघून लिहिलेलं नाही.’’ इतकी नेमकी समीक्षा मी आमच्या साहित्यवर्तुळात क्वचित ऐकली आहे. मग म्हणाल्या, ‘‘शेवटाकडे वाचवेना. पण ठेववेना पण.’’ आता ऑनलाइन मागवलेला ब्लाउज ढिला झाला की लोक त्यांच्याकडे टाके घालायला आणतात. नवं शिवायला येणारे कमी झालेत, हे त्यांनी त्याच दमात सांगितलं.

कॅमेरावाल्या पक्षाचे पुढारी अजून रुसलेले होते. त्यांना मी मुद्दाम नंदा खरे यांची ‘उद्या’ दिली. खरे पेशानं स्थापत्य अभियंता. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ साली ते गेले. तंत्रज्ञान आणि बाजार हातात हात घालून माणसावर पाळत ठेवू लागले की साध्या माणसांचं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय. वाचायला सोपं नाही. लेखक हाताला धरून नेत नाही, तुटक तुटक दाखवतो आणि जोडायचं काम आपल्यावर सोडतो. पुढाऱ्यांनी पन्नासेक पानांनंतर मला जिन्यात गाठलं. ‘‘हे मला टोमणा मारायला दिलंत ना?’’ मी हो म्हणालो. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे आणि कॅमेऱ्याचा ठराव पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे.

माझ्या हातून दुसरी चूक होता होता वाचली, तीही सांगून टाकतो. देवा झिंजाड यांची ‘एक भाकर तीन चुली’ ही २०२३ सालची कादंबरी मी यादीतून खोडली होती. गावाकडच्या एका बाईचं हालअपेष्टांचं आयुष्य. मला वाटलं, फार अश्रू आहेत. एवढ्या आवृत्त्या निघतात म्हणजे काहीतरी भडक असणार, हा आम्हा लेखकांचा एक जुना पूर्वग्रह. हिनं यादी बघितली आणि विचारलं, ‘‘तुमच्या कादंबऱ्यांत कोणी भाकरी थापतं का हो?’’ मी आठवून बघितलं. कोणी थापत नाही. पुस्तक यादीत परत आलं. आज आमच्या कपाटातलं सर्वांत जास्त फिरलेलं पुस्तक तेच आहे. बायका ते एकमेकींकडून परस्पर नेतात, नोंदही करत नाहीत. लेखनात काही ठिकाणी हात आखडायला हवा होता असं माझं मत आजही आहे, पण ते मी घरात बोलत नाही.

टेल्कोतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांसाठी गिरीश कुबेर यांचं ‘टाटायन’ घेतलं. टाटा घराण्याची आणि त्यांच्या उद्योगांची ही कहाणी. कादंबरीसारखी वाचता येते. शेजारी दहा पानं वाचतात आणि वर येऊन मला तासभर मूळगावकर साहेबांच्या काळातला कारखाना, तिथली झाडं आणि तळं सांगतात. पुस्तक अजून संपलेलं नाही. संपू नये असं मलाही वाटायला लागलंय.

माजी सुभेदारांची मागणी ठाम होती, ‘‘इतिहास द्या, पण खरा.’’ खरा इतिहास मागणाऱ्याला मी कादंबरी दिली. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’, २०१९ सालची, आठशेच्या आसपास पानं. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळापासून आजपर्यंत एकाच कुळातल्या माणसांचा माग यात काढला आहे. कुळ म्हणजे काहीतरी शुद्ध, आखीवरेखीव असतं असं मानणाऱ्या वाचकाला ते किती सरमिसळीतून घडत आलंय हे पानोपानी दिसत राहतं. सुभेदार पहिले पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा रात्री साडेदहाला दार वाजवून त्यांनी विचारलं, ‘‘साहेब, आपली वंशावळ कोणाकडे मिळते?’’

कथासंग्रह घ्यायला दुकानदार फारसे उत्साही नसतात. कथा खपत नाहीत म्हणतात. शेजारच्या कन्नडातल्या बानू मुश्ताक यांच्या कथांना २०२५ साली इंग्रजी अनुवादातून आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं, ते कथासंग्रहालाच. आपल्याकडे किरण गुरव यांचं ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ आहे, २०२१ च्या अकादमी पुरस्काराचं. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाची अवघडलेली, मिस्कील, मधूनच कासावीस करणारी गोष्ट. बारा तासांची पाळी करणाऱ्याला साडेचारशे पानांपेक्षा कथा पेलवते, हे मला कोणीतरी सात वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

मुलांसाठी संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आणि भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ आणलं. दोन्ही अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची. सभेत ज्यांच्यासाठी पुस्तकं मागितली गेली त्या मुलांनी भूतबंगला आधी पळवला हे सांगायला नको. मोबाइल सुटला असं मात्र नाही. ‘बी’ विंगमधली एक चिमुरडी एका हातात पुस्तक आणि एका हातात मोबाइल घेऊन वाचते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघांसाठी रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथाचा शारदा साठे यांनी केलेला ‘गांधीनंतरचा भारत’ हा अनुवाद घेतला. ते त्यातून टिपणं काढतात. परीक्षेसाठी का होईना, वाचतात. कवितासंग्रह एकच, अनुराधा पाटील यांचा ‘कदाचित अजूनही’. तो चार महिने कोणी नेला नाही. शेवटी रजिस्टरातली ओळ कोरी दिसू नये म्हणून मीच स्वतःच्या नावावर घेतला आणि अजून परत केलेला नाही.

आता राहिलं ते पुस्तक, ज्याच्यासाठी मी खरं तर मैदानावर गेलो होतो. शरद बाविस्कर यांचं ‘भुरा’, २०२१ साली लोकवाङ्मय गृहानं काढलेलं आत्मकथन. धुळे जिल्ह्यातल्या खेड्यातला मुलगा. दहावीला इंग्रजीत नापास झालेला, मजुरी केलेला. तो पुढे भाषा आणि तत्त्वज्ञानाच्या मागे लागतो, फ्रेंच शिकतो आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचचा प्राध्यापक होतो. यशोगाथा म्हणून हे पुस्तक वाचायला दिलं तर फसवणूक होईल. नापास होण्याची लाज घरात, गावात, अंगात कशी मुरते आणि कोणाच्या बळावर ती झटकता येते, हे त्यात फार मोकळेपणानं आलंय. त्यातली आई विसरता येत नाही. उत्तरार्धात तत्त्वज्ञानाची चर्चा दाट होते. तिथे अडलात तर चार पानं उलटून पुढे जा, असं मी देताना प्रत्येकाला सांगतो.

जुन्या मुलाच्या खोलीत आता दुसरी चार मुलं राहत होती. त्यातला एक आयटीआय अर्धवट सोडून आलेला. त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनीच त्याला कपाटापाशी आणून उभा केला. मी ‘भुरा’ काढून दिलं आणि पहिल्यांदाच रजिस्टरात मुदत लिहिली नाही. आठवड्यानं तो पाळीवरून येताना दिसला. पाठीवरच्या पिशवीतून पुस्तकाचा कोपरा बाहेर आलेला. मी काही विचारलं नाही. त्यानंच लिफ्टमध्ये सांगितलं, ‘‘काका, बसमध्ये वाचतो. जाताना नाही, जाताना झोप येते. येताना.’’ मग एका रविवारी त्यानं सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. त्याच्या धाकट्या बहिणीला दहावीला बाहेरून बसवायचं होतं. मी दोन दिवस शाळांत फिरून त्याला माहिती काढून दिली.

गेल्या महिन्यात त्याचं कंत्राट संपलं. एका सकाळी खोलीला कुलूप होतं. रजिस्टरात ‘भुरा’समोर परतीची जागा कोरी आहे. बँकेच्या नियमानं नव्वद दिवस झाले की खातं थकीत धरतात, म्हणजे हे खातं कधीच थकीत झालं. नोटीस काढायला माझ्याकडे पत्ता नाही, आणि असता तरी काढली नसती. खजिनदारांकडे मी दुसऱ्या प्रतीसाठी पैसे मागितले आहेत. ते म्हणाले, आधी पहिलीची पावती दाखवा.